भाच्याचे पाय

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी आंघोळ करून देवापाशी दिवा लावला आणि दादाबरोबर वकिलाकडे गेलो. बाबांचं हे बालाघाटचं घर विकायचं आहे. गिऱ्हाईक तयार आहे, पण आधी घर वारसांच्या नावावर चढायला हवं. त्यासाठी शपथपत्र. चष्मा लावून वाचलं — ‘आम्ही दोघे भाऊ, याशिवाय अन्य वारस नाही.’

मग आमची मैना?

"तिले जाऊन नऊ वर्सं झाले," दादा म्हणाला. "गेलेल्या माणसाचं नाव कायले घालतं?"

मी वकिलाला विचारलं, बहीण बापाच्या आधी गेली तर तिच्या पोराला काही येतं का.

"हौ, तिचा पूरा हिस्सा त्याले येते. पण तुम्ही विचारलं नाही अन् मी सांगतलं नाही."

सही करायची वेळ आली तेव्हा म्हणालो, आधार कार्ड सापडत नाही. ते वरच्या खिशातच होतं. कपाळाला गंध, आणि तोंडात खोटं.

गुरुवार, ६

दादाचा राजेगावहून फोन. "सापडलं का आधार?" — "पाहून राह्यलो." हिने ऐकलं. "कपाटात तर आहे," म्हणाली.

आई गेल्यावर दादाने शाळा सोडून नांगर धरला, म्हणून मी दहावीपर्यंत शिकलो. त्या शिकण्यानेच परवा तो कागद वाचता आला. त्याच्या पोराचं नागपूरचं घर या विक्रीवर अडलं आहे. तीन वाटे झाले तर ते होत नाही. दादाला नाही म्हणवत नाही. हो म्हणावं तर देवापाशी बसवत नाही.

शुक्रवार, ७

आज दिवा हिनेच लावला.

रविवार, ९

मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेचा दिवस. मैनाचा रजत मलाजखंडहून आला. दादाही आला. दारातच दादा त्याच्या पायाशी वाकला. गुडघे साथ देत नाहीत, चौकट धरून वाकला. भाचा म्हणजे आपल्यात देव. रजत हसत मागे सरकला, "बडे मामा, रहने दो न. कंबर धरली तं मलेच उचलून न्या लागंल!" दादाने कपाळ टेकवलंच. मग मी वाकलो. वर त्याच्या तोंडाकडे बघवेना.

जेवताना रजत म्हणाला, "घर विकून राह्यले म्हणते. मग मंडईले मी कोणाकडं येऊ?"

"राजेगावले ये. माहं घर का परक्याचं आहे?" दादा म्हणाला. मनापासून म्हणाला. त्याच्याच ताटात आपला वडा वाढला. आणि हात धुताना मला हळूच, "बुधवारी वकिलाकडं जाऊ. आधार नसन सापडत तं नवीन काढू."

दादा वाईट असता तर सोपं होतं.

बुधवार, १२

दादा दुपारी येणार होता, त्याआधीच एकटा वकिलाकडे गेलो. माझं वेगळं शपथपत्र लिहून घेतलं. तिसरा वारस — रजत, आई कै. मैनाबाई. सही केली. नगरपालिकेत देऊन पावती घेतली. मग बसने राजेगाव. दादा निघायच्या तयारीत होता. त्याला तिन्ही नावं वाचून दाखवली आणि पाया पडलो.

एरवी लगेच पाठीवर हात येतो. आज आला नाही. मी तसाच वाकून राहिलो.