वाकड्या ओळीचं चीज

जेनोव्हा, ९ मार्च

प्रिय आई,

मी बरी आहे. खोकला गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

काल सकाळी बाजारात चीजवाल्या ओत्ताव्हियोकडे आपलं मेंढीच्या दुधाचं चीज दिसलं. चीज आकाराला घालायला लहानपणी मी चुकीची विणलेली टोपली बाबा अजून वापरतात. तिची वाकडी ओळ सालीवर उमटली होती. ओत्ताव्हियोने सुरीच्या टोकावर तुकडा पुढे केला.

“चाखून बघा, बाई. मग मला शिव्या देऊ नका. सार्दिनियातल्या म्हाताऱ्याने यंदा त्यात समुद्रच ओतलाय.”

आई, याला दोनदा मीठ लावलंय. बाबांच्या हातून असं कधी झालं नाही. एकदा लावलेलं ते विसरले का? आणखी काय विसरतात? तू तर पत्रात फक्त वाऱ्यापावसाचं लिहितेस.

कालपासून मला एका जागी बसवत नाही. शनिवारच्या बोटीने येते. बाबांना सांग, नवी टोपली विणायला येतेय.

उरलेले तिन्ही गोळे आणखी कुणी चाखायच्या आत मी कालच विकत घेतले.

“एवढं आवडलं?” ओत्ताव्हियोने विचारलं.

मी हो म्हटलं.

तुम्हा दोघांची,
बोनारिया