पाहुण्याची सर्दी

६ ऑगस्ट, मंगळवार

रात्रभर वाऱ्याने खिडक्या आपटत होत्या. स. सहाला दूध आणायला निघाले, म्हटलं आधी गच्चीवरची तुळस बघावी. तुळस ठीक. टाकीमागे मात्र कावळ्यांची सभा आणि मधोमध एक अनोळखी पक्षी. तपकिरी. कावळ्यापेक्षा थोडा मोठा, पण पंख पसरले तर मीटरभर. चोचीचं टोक आकडीसारखं वळलेलं, चोचीवर एक छोटीशी नळी. उभं राहता येईना. पोटावर सरपटत होता.

कावळ्यांना छत्रीने हाकललं. वाळत घातलेल्या जुन्या साडीत गुंडाळून खाली आणला. हे पेपर वाचत बसलेले. वर न बघता: "दूध आणायला गेली होतीस ना?"

माझं निदान: दोन्ही पाय मोडलेत, शिवाय जबर सर्दी. चोचीच्या टोकाशी सारखा थेंब. एकोणतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं, एवढं कळतं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेजारी ठेवली. छातीला हळद घातलेलं कोमट खोबरेल चोळलं, नाती लहान होत्या तेव्हा चोळायचे तसं. नाती चावत नसत. अंगठ्याला पट्टी.

दूध-पोळी ठेवली, ढुंकून बघितलं नाही. भिजवलेली डाळ, तेच. पाहुण्याला बिब्बवेवाडीचं काही पसंत नाही.

संध्याकाळी मनीषाला फोन. नववी ब, मागचा बाक. आता पक्षी-प्राण्यांची डॉक्टर, कात्रजच्या पुढे जखमी पक्ष्यांच्या केंद्रात असते. दर गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करते, म्हणून नंबर होता. फोटो पाठवला. किंचाळलीच. वनखात्याला कळवून सकाळी येते म्हणाली. "बाई, तोवर त्याला काहीसुद्धा करू नका."

आता काय सांगू तिला.

७ ऑगस्ट

स. उठून बघते तर साडीवर, चोचीपाशी पांढरी पूड. वाटलं भिंतीचा चुना पडला. मनीषा आली, वाकून बघितलं आणि हसत सुटली. एरवी फोनवर शुद्ध बोलते, पण हसताना तिचं गाव बाहेर येतं.

"बाई, सर्दी न्हाई ती. मीठ हाय! चाखून बघा."

बोटाला लावून चाखलं. खारट. हे दारातून: "पाहुण्याचं नाक चाखायची पद्धत तुमच्या माहेरची का?"

मग मनीषाने सांगितलं, आणि एकेक वाक्य ऐकताना माझे कान तापले. हा भर समुद्रावर राहणारा पक्षी. शिअरवॉटर. जमिनीवर येतो तो फक्त घरट्यापुरता. गोडं पाणी तिथे कुठलं? खारं पितो, जास्तीचं मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी गोळा करतात आणि ते नाकावाटे ठिबकतं. पाय मोडलेले नाहीत. पोहायला सोपं जावं म्हणून ते पार मागे असतात, त्यामुळे उभं राहणं जमत नाही.

"तुमीच लिहून दिलं होतं, बाई. 'समुद्री पक्षी क्षार उत्सर्जित करतात.' मी पेपरात 'त्यांचं नाक गळतं' असं लिहिलं, तर तुम्ही अर्धा मार्क कापला."

कापला होता. आठवलं. लाल शाईत 'भाषा!' असंही लिहिलं होतं. एकोणतीस वर्षं कासवाचे अश्रू, देवमाशाची चरबी, पक्ष्यांच्या मीठग्रंथी, सगळं फळ्यावर आकृतीसकट काढलं. आणि गळकं नाक प्रत्यक्ष समोर आलं तर ओव्याची पुरचुंडी!

हसत होतो तोवर ठीक. मग तिने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि बोटं नाकाशी नेली. "बाई, हे काय लावलंय?"

सांगितलं.

रागावली नाही, तेच जास्त लागलं. पिसं एकमेकांत चेनसारखी अडकून असतात म्हणून आत पाणी जात नाही. परक्या तेलाने ती चेन सुटते. पाण्यात सोडला तर भिजेल, गारठेल, बुडेल. वादळी वाऱ्याने समुद्रावरून इथवर ढकलला, नुसता थकून पडलेला होता, दोन-चार दिवस खाऊ घालून सोडता आला असता. आता धुवायचा आणि पिसं पुन्हा पाणी धरेनाशी होईपर्यंत थांबायचं. "किती दिवस?" तर म्हणे सांगता येत नाही, आणि असे पक्षी खोलीत फार दिवस टिकत नाहीत.

घेऊन गेली. दिवसभर घरात खोबरेलाचा वास. फार वाईट वाटलं. मीच केलं हे.

८ ऑगस्ट

सकाळच्या बसने केंद्रात. मनीषा म्हणाली कशाला आलात, मी म्हटलं चोळलं मी, धुणारही मीच. चार टब कोमट पाणी, भांड्यांचा साबण. तिने धरला, मी पिसांच्या दिशेने धुतला. परातीत नातवंड धुतल्यासारखं वाटलं. पुन्हा चावला. दुसरा अंगठा.

त्याला समुद्रातली बारकी मासळी हवी, अख्खी. मी म्हटलं मी आणते. तोंडातून निघून गेलं. घरी सांगितल्यावर हे चहा पिताना थांबले. "आपल्या घरात आजवर अंडं फुटलं नाही."

म्हटलं, घरात कुठे, पिशवीत आणणार आहे.

९ ऑगस्ट, शुक्र. नागपंचमी

आयुष्यात पहिल्यांदा मासळी बाजार. तोही भर श्रावणात, नागपंचमीला! खाणारेसुद्धा बंद करतात तेव्हा मी निघाले. निम्मी फळकुटं रिकामी. एक मावशी माश्या वारत बसलेली. मी चार हातांवरून विचारलं, मांदेली आहे का?

"लांबून काय बघता, देवळात आल्यासारखं? जवळ या. वास घ्या."

घेतला. मी अजून जिवंत आहे.

"तळणार का कालवण?"

म्हटलं, पाहुणा कच्चीच खातो, अख्खी. आज चिरायचं-कापायचं नसतं, ते बरंच. मावशीचा माश्या वारणारा हात थांबला. मग सगळं सांगितलं. तिने मूठभर वर घातली, म्हणाली, "श्रावणातलं माझं गिऱ्हाईक म्हंजे तुमचं पाखरू. रोज या."

संध्याकाळी लिफ्टमध्ये सेक्रेटरींची पाटी: 'लिफ्टमधून मासळी नेऊ नये. नाकं सर्वांना आहेत.' रात्री जेवणाआधी ह्यांनी खाली पेनने लिहिलं: 'पाहुणा समुद्राहून आला आहे. तक्रार तिकडेच करावी.' तीस वर्षं बँकेत घालवली, पण हा माणूस वाया गेला.

११ ऑगस्ट, रवि.

पाण्यात सोडून बघितला. दहा मिनिटांत छाती चिंब, एका अंगाला कलला. मनीषाने पटकन उचलला. थरथरत होता. हळद घातलेला भाग नेमका तोच. वजन कमी. सतत कठीण जागेवर बसल्याने छातीच्या हाडापाशी कातडी लाल झालीये. मनीषा म्हणाली, हा जन्मभर पाण्यावर नाहीतर वाऱ्यावर बसतो, जमिनीवर बसायला बनलेलाच नाही.

घरी आल्यावर जुनी मच्छरदाणी काढली. चौकटीवर ताणून झोळी शिवली तर खालून मऊ राहील. चौकट कुठून आणायची? हे उठले, माळ्यावरून त्यांचा कॅरम काढला आणि फळी ठोकून वेगळी केली. कॉलनीतल्या स्पर्धेत जिंकलेला कॅरम. नातींनाही हात लावू देत नसत.

"फुटलेलाच होता," म्हणाले. फुटलेला नव्हता.

१३ ऑगस्ट

झोळी बेस्ट! पाहुणा वर ऐसपैस, पाय मागे सोडून. मनीषाने चोच उघडली, मी मांदेली सोडली. गटकन. दुसरी. तिसरी. आठ खाल्ल्या!! मग माझ्याकडे बघितलं आणि पोटातलं पिवळं तेल थेट माझ्या पदरावर ओकला. वास शब्दांपलीकडचा. मनीषा टाळ्या वाजवत होती. म्हणे शत्रूवर असंच ओकतात, म्हणजे अंगात जोर आला.

इतक्या आनंदाने साडी टाकून दिल्याचं आठवत नाही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन, जिलबी, मग केंद्र. पाऊण तास पाण्यात. पाठ कोरडी, पंख कोरडे, छातीवर फक्त वाटीएवढा डाग ओला. स्वतःच चोचीने पिसं विंचरतो, एकेक, तासन्‌तास. मी आपली समोर खुर्ची टाकून. मनीषा म्हणाली, "बाई, तुम्ही शाळेत आमच्याकडं इतकं लक्ष दिलं असतं तर."

तिचं आता बरंच धाडस झालंय.

१७ ऑगस्ट, शनि.

दोन तास!! काढला, उलटा केला, बोट घातलं. आत कोरडा ठाक, मऊ, गरम. अळूच्या पानावरून ओघळावं तसं पाणी गेलं. हळदीचा पिवळेपणा अजून आहे थोडा. समुद्रावरचा एकमेव हळद लागलेला नवरदेव, इति हे.

ठरलं. सोमवारी नारळी पौर्णिमा. नारळ वाहिला की होड्या बाहेर पडतील. वनरक्षकाच्या ओळखीचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बुधवारी आत नेईल. किनाऱ्यावरून नको, लाट परत आणून टाकते.

"बाई, तुम्ही यायचंच." म्हटलं, आणि माझे गुडघे? "गुडघेपण आणा."

१९ ऑगस्ट

नारळीभात केला. लक्ष नाही. मनीषाचा फोन: आज खाल्लं नाही, दोन मासे दिले ते ओकला. छातीची लाली वाढलीये. समुद्रावर वारा, बोट कदाचित रद्द. मी विचारलं, वाट बघू शकतो का? तर म्हणाली, "बोट थांबेल बाई, तो न्हाई थांबणार."

देवाजवळ नारळ ठेवला. कुणासाठी ते सांगितलं नाही, पण ह्यांनी विचारलंही नाही.

२१ ऑगस्ट, बुध.

घरी परतल्यावर लिहितेय, खुर्ची अजून हलतेय बोटीसारखी.

पहाटे चारला निघालो. मनीषा, वनरक्षक, आम्ही दोघं, आणि मांडीवर खोका. ताम्हिणीत धुकं. किनाऱ्यावर वारा होता, पण तांडेल म्हणाला जाऊन येऊ. दोघांनी धरून मला बोटीत चढवलं. धान्याचं पोतं चढवतात तसं, पण चढले. समुद्र मी आजवर वाळूवरूनच बघितलेला. वर्गात मात्र त्याच्या तळापर्यंत जाऊन यायचे.

जमीन पुसट झाली. एकाएकी बोटीच्या बाजूला 'फूस!' करून कुणी श्वास टाकला. करडी पाठ, पाठीवरचा पर, गुडूप. डॉल्फिन! 'सागरी सस्तन प्राणी फुप्फुसांनी श्वसन करतात', किती वर्षं घोकून घेतलं हे पोरांकडून. आवाज येतो हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी ओरडले, ह्यांचा दंड धरला. हे इतकंच म्हणाले, "ऐकलं." पण दंड सोडवला नाही.

बोट थांबवली. मनीषाने खोका उघडून माझ्या हातात दिला. "तुमीच सोडा." वाकले, वनरक्षकाने मागून धरलं. पाण्यावर ठेवला.

तरंगला! सरळ, हलका. पहिलं काम काय केलं? चोच बुडवली आणि खारं पाणी प्याला. पुन्हा प्याला. पंधरा दिवस माझ्या घरचं दूध, डाळ, माणुसकी काही नको होतं, हे हवं होतं. मग पंख उघडले, पाण्यावर पायांनी पळाला. लाट आली, आपटला. परत बसला. परत पळाला. पुढची लाट उंच आली आणि तिच्यामागे तो दिसेना.

"उडाला का?" मी. तांडेल कपाळावर हात धरून बघत होता. "उडाला असल." मनीषाला विचारलं. तिलाही दिसला नव्हता. आम्ही बराच वेळ थांबलो. दूर काहीतरी तपकिरी पाण्याला लागून तिरकं गेलं, पंख न हलवता. तो असेल. दुसरा कुणी असेल. त्याच्या पायात ओळखीची अंगठी घातली नव्हती. छातीवर हळद होती, पण इतक्या लांबून कोण बघणार.

"परत दिसेल का गं?"

"दिसायला नको, बाई. दिसला म्हंजे पडला."

माझे डोळे वाहत होते, नाकही. ओठांवर सगळं खारट. ह्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. "ओव्याची पुरचुंडी गरम करायला सांगू का तांडेलाला?"

अख्खी बोट हसली. मीच सगळ्यात जास्त.

२२ ऑगस्ट

गुडघे सुजलेत. खुशाल सुजू देत.

स. मासळीवाल्या मावशीला सांगून आले. तिने विचारलं, गेलं पाखरू? म्हटलं, बहुतेक. म्हणाली, "मग मांदेली कुणासाठी बाजूला काढली मी?" घेतली आणि केंद्रात दिली, तिथे एक खंड्या आहे आजारी.

दु. माळ्यावरून माझी जुनी टाचणवही काढली. समुद्री जीवांचा धडा. 'क्षार उत्सर्जित करतात' यावर काट मारली, वर लिहिलं: नाक गळतं. मनीषाला फोन केला. "नववीचा तुझा अर्धा मार्क दिला."

म्हणाली, "आणि पाहुणा, बाई? पास का नापास?"

आत्ता पाचला वारा सुटला, तसा गच्चीवर जाऊन आले. टाकीमागे कोणी नाही. वहीत त्या धड्याखाली लिहून ठेवलंय: निकाल राखून ठेवला आहे.