सोलकढीवर आळ

मंगळवार, संध्याकाळ

आज फ्रिजखाली पाणी नाही! तीन दिवस फडकं पिळतेय आणि सासूबाईंच्या सोलकढीच्या बाटलीला नावं ठेवतेय, झाकण गळतंय म्हणून. त्या बिचाऱ्या गप्प. शेवटी आज सगळा फ्रिज रिकामा केला. आत मागच्या बाजूला पाणी जायचं बारीक भोक असतं, त्यात दूर्वा अडकलेल्या. दूर्वा कुणाच्या? माझ्याच! मंगळवारच्या गणपतीसाठी स्टेशनवरून आणते आणि तशाच उघड्या कोंबते. गरम पाणी ओतलं, भोक मोकळं झालं.

कबूल करावंच लागलं. सासूबाई हसल्या, "अगं, माझी कढी गुलाबी. खालचं पाणी होतं का गुलाबी?"

खरंच की! मग तीन दिवस बोलल्या का नाहीत?

"बोलले असते, तर तू फ्रिज साफ केला असतास?"