दवाखान्यातून केलेला फोन

माय,

परवा आपल्या गल्लीतल्या जवानाचा फोन आला. सीमेवर जखमी झालेला. दवाखान्यातल्या खाटेवरूनच त्यानं आईला मोबाइलवर पट्ट्या बांधलेला हात दाखवला. ती रडली, त्याला रागावली आणि अर्ध्या तासानं भाकरी थापायला बसली. ते बघून मला तुझाच राग आला. तू जाऊन दहा वर्षं झाली, तरी आला.

माझं काय झालं होतं ते आज पुन्हा सांगतो, कारण तू ते कधी पुरतं ऐकूनच घेतलं नाहीस. डोंगरावर गोळा फुटला. चौघांनी मला स्ट्रेचरवरून खाली आणलं, तिथून हेलिकॉप्टर, मग मोठा फौजी दवाखाना. शुद्धीवर आलो तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. घरी तार जाणार होती. कारकुनाच्या विनवण्या करून मी ती एक दिवस थांबवली. म्हटलं, आईला मीच सांगतो. नर्सबाईंनी गावातल्या एसटीडीवाल्याला निरोप दिला, उद्या दहाला ह्याच्या आईला आणून बसव. फोन एकच, रांग ही मोठी, माणशी तीन मिनिटं. चाकाच्या खुर्चीत दोन तास थांबून माझा नंबर लागला.

आणि तू? एकटी येशील तर शपथ. निम्मी गल्ली घेऊन आलीस.

"जेवला का रं?"

"व्हय. माय, जरा ऐक..."

"थांब, काकाला बोल. लई वाट बघायलेत."

काकांनी तिकडच्या थंडीची चौकशी केली. मग शेजारच्या मावशीनं विचारलं, तिचा भाऊ भेटतो का. जशी काही सगळी फौज एकाच गल्लीत राहते! मागून तुझं चालूच, "मोठ्यानं बोल, लांब हाय त्यो!" मी इकडं कपाळाला हात लावून बसलेलो.

चार दिवसांनी तार पोचली. मास्तरांनी वाचून दाखवली आणि तू ओट्यावरच मटकन बसलीस, असं काका सांगायचे. मी कुबड्या घेऊन दारात आलो, तर तुझं पहिलं वाक्य काय? "तोंड नव्हतं का तुला सांगायला?" पुढं मरेपर्यंत हेच. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितलंस. वाळूजच्या कंपनीत गेटवर लागलो, तर पेढे वाटतानासुद्धा. जीव नकोसा केलास. मी दर वेळी चिडून म्हणायचो, तू बोलू दिलंस का? लाईन कटली, त्याला मी काय करू?

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहितो. लाईन कटली नव्हती. शेवटी फोन तुझ्याकडं परत आला आणि तू एकदम हळू आवाजात विचारलंस, "बरा हायेस ना?" अजून अर्धं मिनिट शिल्लक होतं, रांगेतला मागचा जवान काही बोलला नव्हता. मी "व्हय" म्हणालो आणि मीच फोन ठेवला.