दारातलं हिरवं जनावर

मौरा, १४ ऑक्टोबर

लेओनोरबाईंना फेलिस्मिनाचा नमस्कार.

आम्ही बऱ्या आहोत, तूही बरी असशील. गुडघा दुखतो, पण एकही बाजार चुकवलेला नाही. पलंगपोस खपले, मोजे पडून आहेत. हे अक्षर माझंच. शाळा दोनच वर्षं झाली, तेव्हा वाकडं असेल ते वाकडंच वाच.

तुझा संमतीचा कागद मिळाला. लेकीनं, सेलेस्तेनं, दोनदा वाचून दाखवला. ‘मी सांगितलेलं सगळं खरं आहे, खाली सही.’ सही केलेली नाही. का, ते सांगते.

उन्हाळाभर तू आमच्या दारात खुर्ची टाकून बसलीस, फोन मधे ठेवून. लोक आम्हा रोमा लोकांचा, म्हणजे त्यांच्या तोंडी जिप्सींचा, द्वेष का करतात यावर पुस्तक लिहून तू डॉक्टर होणार. माझी जाऊ तेव्हाच म्हणाली, “ही कसली गं डॉक्टर, हिला साधी शिंक थांबवता येत नाही!” मी हसले, पण डोळा तुझ्यावर होता. इतकं गोड मान हलवून कुणी फुकट ऐकत नाही.

तुला विशेष हवं होतं ते दुकानांच्या दारातलं हिरवं जनावर. डबक्यात ओरडतं ते. आम्ही त्याला अपशकुनी मानतो, नावही घेत नाही. हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून दुकानदार मातीचं आणून उंबऱ्याशी ठेवतात, आम्ही आत पाऊल टाकू नये म्हणून. गावभर फिरून तू त्यांचे फोटो काढलेस. नाव तर खुशाल घ्यायचीस. मी दर वेळी थुंकायचे.

मग त्या गुरुवारी तू आम्हा मायलेकींना एवोराला नेलंस, तुझ्या आईच्या कापडाच्या दुकानात. आई दारातच उभी. “या हो, या, आपलंच दुकान समजा!” एवढी साखर मी लग्नाच्या केकवर पाहिलेली नाही. म्हणून खाली पाहिलं. उंबऱ्याजवळची फरशी जुनी, पिवळी पडलेली, आणि तुझ्या आईच्या बुटाखाली बशीएवढा गोल, पांढराशुभ्र. आम्ही आत जाईपर्यंत बाईनं त्यावरचा पाय हलवला नाही.

तुझे कान लाल झाले, लेओनोर. सकाळी ते जनावर तिथून तू उचललंस की तिनं? कुठे दडवलंत, गल्ल्याखाली? चार महिने तू विचारलंस, आता मी विचारते. तो गोल तुझ्या पुस्तकात येणार की नाही?

म्हणशील, फेलिस्मिनाला संशयाचा रोगच आहे. आहे. चोराच्या मनात चांदणं.

औषधाच्या दुकानाची गोष्ट तू माझ्याकडून तीनदा वदवून घेतलीस. सेलेस्ते चार वर्षांची, कानात पू, अंगात ताप, आणि दुकानदारानं आम्हाला हाकलून दिलं.

हाकललं नाही. त्यानं आम्हाला पाहिलंसुद्धा नाही. दारात ते होतं. मी पोर कडेवर घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. पोर माझ्या मानेत तोंड खुपसून कण्हत होती. मी परत फिरले. मोठ्या गावच्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत तिसरा दिवस. डावा कान गेला.

त्यानं ते आमच्यासाठीच ठेवलं होतं, हे खरं. ते मातीचं आहे हे मला दिसत होतं, हेही खरं. दोन्ही लिही. एक गाळून दुसरं लिहिलंस तर माझ्या दारात येऊ नकोस.

पोरगी एकोणीस वर्षं त्या माणसाच्या नावानं बोटं मोडते आहे. मी मोडू दिली.

कागद सहीविना परत पाठवते आहे. आधी त्यावर तुझ्या आईची सही घे, त्या गोलाबद्दल. मग माझी मिळेल, पूर्ण नावानिशी.

पत्र टपालात टाकायला सेलेस्ते जाईल. डावीकडून हाक मारली तर तिला ऐकू येत नाही, पण दिसेल ते सगळं वाचते. पाकीट मी चिकटवलेलं नाही.

मातीच्या बेडकाला भ्यालेली,
फेलिस्मिना