आबांचं तिकीट

१५ एप्रिल, मंगळवार

बोर्ली पंचतनचं बोरिवली केलं मेल्याने!

मोबाईलमधल्या त्या एआयला म्हटलं, आम्हा तिघांचं खोपोलीकडच्या पार्कचं एका दिवसाचं नियोजन करून दे. क्षणात छापून टाकलं — साडेसातला निघा, एक्स्प्रेसवेवर नाश्ता करा, सव्वानऊला गेटवर. मी खूश. मग बघते तर आम्हाला बोरिवलीहून काढलंय! बाबा रे, आम्ही साडेसातला निघालो तर सव्वानऊला अजून माणगावातच चहा पीत असू. परत विचारलं, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड असं सगळं घालून. तेव्हा म्हणालं, ‘तुम्ही अगदी बरोबर आहात.’ माहीत आहे मला!

दिवसभर बाजारात दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. सातबारा, पॅन, पेन्शन, पोरांची कॉलेजं. आणि पहिल्यांदा स्वतःच्या घरासाठी काही भरायचं तर प्रत्येक बटणापाशी बोट अडतंय. दोन वर्षं प्राप्तीला ‘पुढच्या सुट्टीत’ सांगतोय. नऊची झाली. आता ‘पुढच्या’ म्हटलं की नुसतं बघते माझ्याकडे.

दिवस ठरवला — २९, मंगळवार. साइटच्या कॅलेंडरवर तो हिरवा दिसतो, म्हणजे गर्दी कमी. हर्षद म्हणाला, “तू ठरव, मी गाडी काढतो.” ह्या माणसाचं प्रत्येक गोष्टीला एवढंच उत्तर. पण त्या दिवशी दुसरं कुठलं भाडं घेणार नाही म्हणाला. तेवढ्यावर निभावलं!

१७ एप्रिल, गुरुवार

मोठ्या पाळण्याला १२० सेंटीमीटर उंची लागते. प्राप्ती १२१. तीनदा मोजली, अंबाडा सोडून.

२० एप्रिल, रविवार

आज काय झालं ते लिहिताना अजून हसू येतंय.

दुपारी आबा दुकानात आले. वाडीवरून काजूगर घेऊन, नेहमीसारखे. सासरे माझ्याकडे येतात, प्राप्तीला भेटतात, पण घरी पाऊल टाकत नाहीत — हर्षद असतो ना. तीन वर्षं बापलेकांत शब्द नाही. सासूबाईंना मुंबईच्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं, हर्षदने वाडीवर गाडी आणली, आबा मागे त्यांच्या शेजारी बसलेसुद्धा. आणि गाडी सुरू व्हायच्या आधी उतरले. दार आपटलं, घरात गेले. चौथ्या दिवशी सासूबाई हॉस्पिटलातच वारल्या. हर्षदच्या मनात ते दार अजून आपटतंय. आबांनी कधी एका शब्दाने खुलासा केला नाही.

तर प्राप्तीने त्यांना पार्कचे व्हिडिओ दाखवले. उलटे लटकलेले लोक बघून आबा म्हणतात, “ह्ये पैसं देऊन करत्यात?” मी सहज बोलले, “आबा, २९ला मंगळवारी सकाळी सहाला निघतोय. तुम्हीपण चला की!” आबांनी पिशवी झटकली, चपला घातल्या, पायरीवर उभे राहून म्हणाले, “बरं. येतो.”

येतो!!

मी तिथल्या तिथे चौथं तिकीट काढलं. ज्येष्ठ नागरिक. आधारचा फोटो माझ्याकडे होताच — जन्मतारीख एक जानेवारी, वाडीवरच्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांसारखी. तिकीट त्यांच्या शेजारच्या सदूकाकांच्या मोबाईलवर पाठवलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालंय.

२१ एप्रिल, सोमवार

हर्षद पोट धरून हसला. “अगं बाई! निघताना ‘येतो’ म्हणाले ते! मग काय ‘जातो’ म्हणतील?”

मी थंड. जन्म गेला माझा दारात उभं राहून ‘येते’ म्हणण्यात, आणि मलाच कळू नये! ऐकायचं होतं तेच ऐकलं मी.

मग त्याचं हसू गेलं. म्हणाला, “ते माझ्या गाडीत बसायचे नाहीत, रुचिका. आई होती तरी बसले नाहीत.” भाजी तशीच ठेवून उठला. असा राग आला मला — दोघांचा!

२३ एप्रिल, बुधवार

तिकीट रद्द होत नाही. नाव बदलत नाही. साइटवर मदतीला एक खिडकी उघडते, त्यात कुणी ‘रिया’ आहे. रद्द करण्याचं कारण निवडा म्हणते — आजारपण, प्रवासात अडचण, इतर. ‘इतर’ दाबून सगळं खरं लिहिलं, सासरे निघताना ‘येतो’ म्हणाले वगैरे. रिया म्हणते, ‘मी तुमची भावना समजू शकते.’ माणूसही नाही ती! तरी त्या घटकेला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता रविवारी वाडीवर जाऊन आबांना तोंडाने सांगायचं — चूक झाली, विसरा. त्यापेक्षा दहा पॅनकार्डं भरेन.

२७ एप्रिल, रविवार

हुश्श!!!

अंगणात पाय ठेवला तर दोरीवर आबांचा पांढरा सदरा, नीळ घालून. सदूकाका पडवीतून ओरडले, “काय गो, म्हातारा चालला म्हनं चक्रात बसायला! मला सांगून ठेवलंय, मंगळवारी वांग्यांना पानी घाल.”

मी आबांना म्हटलं, “त्या दिवशी तुम्ही येतो म्हणालात ते…”

“निघताना म्हनलो व्हतो,” आबा म्हणाले. “मंग सदूनं मोबाईल वाचून दावला. येसाजी विठोबा, प्रवेश. नाव छापून आल्यावर न्हाय कसं म्हनू?” मग विचारलं, “त्याला चालंल ना?”

त्यांनी हर्षदबद्दल काही विचारलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. मी “चालेल की” म्हटलं. न विचारताच! घरी आल्यावर हर्षदला सांगितलं. तो “बरं” म्हणाला आणि लगेच बाहेर गेला. पण ‘नाही’ म्हणाला नाही. वाटेतल्या मारुतीला मी नारळ बोलून आले होते, तो पावला!

२८ एप्रिल, सोमवार

हर्षदने गाडी आज दोनदा धुतली. मी विचारलं नाही. नियोजनाचा कागद छापला, वेळा घालून. डबे भरून झाले.

३० एप्रिल, बुधवार

काल आलो तेव्हा बसल्या जागी झोपले. आता सगळं लिहिते.

सहाला वाडीवर. प्राप्तीने हट्टाने आबांना पुढे बसवलं, हर्षदच्या शेजारी. दोघे सरळ समोर बघतायत, जसं काही रस्त्याची परीक्षा आहे. म्हसळ्यापर्यंत एक अक्षर नाही. मी मागून उगाच बडबडतेय, कुठला पाळणा आधी, कुठला नंतर. घोणसे घाट लागला तसे आबा आणखी गप्प झाले. हर्षदने आरशातून माझ्याकडे पाहिलं — बघ, फुगले. मलाही तेच वाटलं.

तेवढ्यात आबांनी काच ठोकली. “थांबव. थांबव रं!”

दार उघडतंय न उघडतंय तोच ओकले. तो नीळ घातलेला सदरा! घाम, हातपाय गार. मी पाण्याची बाटली शोधेपर्यंत हर्षद दुसऱ्या बाजूने धावत गेला होता. बापाचं कपाळ त्याने तळहातावर धरलेलं. प्राप्तीला ताप असला की धरतो तसं.

गाडी लागते त्यांना! म्हसळ्याच्या पुढे कधी गेले नाहीत, आम्हाला वाटायचं शेतात जीव अडकलाय. त्या दोघांना रस्त्याकडेच्या दगडावर बसवून मी प्राप्तीला घेऊन गाडीत बसले. बराच वेळ बोलत होते दोघे. म्हणजे आबा बोलत होते. हर्षद खाली मान घालून ऐकत होता.

परत वाडीवर सोडू का विचारलं तर आबा म्हणाले, “तिकीट हाय माजं.” माणगावच्या मेडिकलमधून गोळी घेतली, आलेपाक घेतला, तरी पालीपर्यंत दोनदा थांबलो. गेटवर पोचलो तेव्हा साडेबारा. माझा कागद पिशवीतून बाहेरच काढला नाही. सगळ्या वेळा चुकल्या आणि मला काहीही वाटलं नाही! हिरव्या दिवशीही पाळण्याला ही रांग. प्राप्ती तीनदा बसली, मी एकदा, डोळे मिटून. आबा आणि हर्षद सावलीत बसले होते, दोघांत एक बर्फाचा गोळा. आबांनी हर्षदचाच शर्ट घातला होता, बाह्या दुमडून.

येताना आबा गोळीने गाढ झोपले. हर्षदने घाटात गाडी इतकी हळू चालवली की मागचे टेंपोवाले शिव्या घालून पुढे गेले. त्याने एकालाही उत्तर दिलं नाही. मी विचारलं, आबा काय म्हणाले? “सांगतो,” म्हणाला.

२ मे, शुक्रवार

सांगितलं, आज चहा घेताना. आबांचं बोलणं जसंच्या तसं: “तुज्या आयशेजारी बसलो तवाच मला मळमळाय लागलं व्हतं. तिच्यासमोर वकलो असतो तर सवताचं दुखणं सोडून मुंबईपत्तूर माजीच पाठ चोळत बसली असती ती. म्हनून उतरलो. चार दिसांत जाईल आसं कुनाला ठावं व्हतं?”

गाडी दारात उभी आहे. हर्षद वाडीवर गेलाय, चालत.