यानातली पाच भावंडं

लेखिकाबाई,

तुझी कादंबरी वाचून झाली. अंतराळयानातली ती पाच पोरं म्हणजे तुम्ही भावंडंच, हे पहिल्याच प्रकरणात कळलं. यान उल्कांमध्ये सापडलंय आणि कप्तान शेवटच्या बिस्किटावरून भांडतोय, तो आपला थोरलाच. फार झकास जमलंय गं.

तुम्हाला वाढवलं मी, आणि पुस्तकात आत्या कुठेच नाही म्हणून जरा फुगलेच होते. मग यानाच्या आवाजाकडे लक्ष गेलं. दार नीट लावा, आधी खाऊन घ्या, अशी त्याची दिवसभर कटकट. शेवटी यान मोडतं, पोरं छोट्या यानातून निसटतात आणि त्यांच्या मागे तो आवाज म्हणतो, "पोचलात की कळवा."

मला वाटायचं, तू माझं काही ऐकतच नाहीस. तू तर शब्दन् शब्द ऐकला होतास.

हे पत्र टाकणार नाही. टाकलं तर म्हणशील, आत्याची कटकट सुरू झाली. पण भांडून गेलीस त्याला वर्ष होत आलं. पोचलीस का गं नीट?

तुझी,
रिकाम्या यानातली आत्या